सोळा चौकोनांत आखाजी मावत नाही

‘भाऊ, फुकटमा बीट बनस का?’ अहिराणी गाणी करू पाहणारी पोरं हे हमखास विचारतात. दुसरा प्रश्न पाठोपाठ येतो: बनवला, पण गाण्याखाली बसत का नाही? तुम्हीही विचारलंत म्हणून दोन्हींबद्दल लिहितो.

पहिल्याचं उत्तर सोपं. बीट म्हणजे गाण्याखाली वाजणारा ताल, तो फुकटात बनतो. एलएमएमएस उतरवून घ्या. २००४ पासूनचं हे संगीत बनवण्याचं मुक्त, म्हणजे फुकट, सॉफ्टवेअर विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं, जुना लॅपटॉपही पुरतो. पेनड्राइव्हवर फिरणाऱ्या महागड्या सॉफ्टवेअरच्या ‘क्रॅक’ प्रतीला हात लावू नका, व्हायरस तिच्याबरोबरच घरात येतो.

खरी मेख दुसऱ्या प्रश्नात आहे. एलएमएमएस उघडलं की टेम्पो (मिनिटाला पडणारे ठोके) १४०, ताल ४/४ आणि प्रत्येक वाद्यापुढे सोळा चौकोन दिसतात; जो चौकोन भराल तिथे ते वाद्य वाजतं. ही सोळांची मांडणी १९८० च्या टीआर-८०८ सारख्या ड्रम मशीनमधून आलेली. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्यावरचं गाणं तिच्यात मावेलच असं नाही. आधी गाणं म्हणा, टाळी द्या आणि दोन टाळ्यांमध्ये तीन मात्रा पडतात की चार, ते बोटांवर मोजा. चार पडत असतील तर सोळा चौकोन ठीक. तीन पडत असतील तर काहीही भरण्याआधी ताल ६/८ करा, म्हणजे चौकोन बारा होतात, मात्रेला दोन. ठेक्याचा जाड ठोका १ आणि ७ वर, टाळी ७ वर, आणि खुळखुळ्यासारखा बारीक आवाज १, ३, ५, ७, ९, ११ वर.

इथे टेम्पोची गफलत हमखास होते. मिनिटाला ९० टाळ्या पडल्या म्हणून लोक टेम्पोही ९० ठेवतात आणि गाणं रेंगाळतं. सॉफ्टवेअर मोजतं दोन मात्रांचं माप, तुमची टाळी तीन मात्रांची, म्हणजे दीडपट. तेव्हा ९० च्या जागी १३५ लिहा.

आवाज विकत घ्यायची गरज नाही. फ्रीसाउंड या वेबसाइटवर पुष्कळ मिळतात, फक्त परवाना वाचा: सीसी-झिरो (हक्क सोडलेला) असेल तर बिनधास्त वापरा, ‘नॉन-कमर्शियल’ असेल तर कमाईच्या गाण्यात नको. पण माझं मत विचाराल तर आधी स्वयंपाकघरात जा. सुपात उडीद पाखडण्याचा आवाज कुठल्याही तयार हाय-हॅटपेक्षा (ड्रमच्या झांजेपेक्षा) जिवंत असतो. कळण्याची भाकरी थापतानाची थाप टाळीच्या जागी बसते, खलबत्ता मधल्या ठोक्याला. फोन वीतभर अंतरावर ठेवा आणि रेकॉर्डिंग वेव्ह फाइलमध्येच करा. बरेच फोन देतात ती एमफोरए फाइल विंडोजवरच्या ऑडॅसिटी या आवाज कापण्या-जोडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एफएफएमपेग हा जोड-प्रोग्राम बसवल्याशिवाय उघडत नाही. पंखा बंद हवा, म्हणजे भुसावळच्या मे महिन्यात हे काम पहाटेच उरकायचं.

मग ऑडॅसिटीत प्रत्येक आवाजाच्या पुढची शांतता अगदी ठोक्यापर्यंत कापा. १३५ टेम्पोला एक चौकोन साधारण १११ मिलिसेकंदांचा असतो. पुढे ४० मिलिसेकंद शांतता राहिली तर ठोका तिसऱ्या हिश्श्याहून जास्त मागे पडतो, आणि आपण उगाच टेम्पोला दोष देत बसतो. सुपाच्या आवाजातलं २०० हर्ट्झखालचंही काढून टाका, ती नुसती घरघर असते. कापलेली फाइल एलएमएमएसच्या ऑडिओफाइलप्रोसेसर या वाद्यात टाका.

सगळे चौकोन सारख्या जोरात वाजले की बीट मशीनचा वाटतो. भरलेल्या चौकोनावर माउसचं चाक फिरवून ३, ५, ९, ११ चा जोर साठच्या आसपास आणा. एवढ्यानेच तो झुलायला लागतो.

ठेक्यासाठी एलएमएमएसमधलं किकर हे वाद्य आहेच. त्याची शेवटची फ्रिक्वेन्सी ५५ हर्ट्झच्या आसपास ठेवा. मात्र फोनच्या स्पीकरला ५५ हर्ट्झ पेलत नाही. लोक तिथे ऐकून बेस वाढवत राहतात आणि लग्नात डीजेच्या बॉक्सवर तोच बेस बाकी सगळं गिळून टाकतो. बेस वाढवण्याऐवजी थोडं डिस्टॉर्शन (आवाज किंचित फाटवणारा इफेक्ट) द्या. त्याने ११० आणि १६५ चे वरचे सूर तयार होतात, फोनवरही ठेका कळतो. मास्टरचा, म्हणजे एकूण आवाजाचा, काटा लाल होऊ देऊ नका, शिखर उणे ६ डेसिबलच्या खालीच ठेवा.

उन्हाळ्यात लॅपटॉप तापला की आवाज तडतडतो. सेटिंगमध्ये बफर (आवाज आधी साठवण्याची जागा) १०२४ करा. सुमारे २३ मिलिसेकंदांची दिरंगाई येते, पण माउसने चौकोन भरणाऱ्याला ती जाणवत नाही. ऑटोसेव्ह चालू ठेवा, लाइट सांगून जात नाही.

एलएमएमएसच्या १.२ आवृत्तीत माइकवरून गाणं रेकॉर्ड होत नाही. बीट १६ बिट, ४४१०० हर्ट्झच्या वेव्ह फाइलमध्ये काढा, ऑडॅसिटीत उघडा आणि त्यावर गा. हेडफोन लावूनच, नाहीतर बीटही माइकमध्ये शिरतो. आजीला गायला बसवणार असाल तर तिचा एक कान मोकळा ठेवा. दोन्ही झाकले तर स्वतःचा आवाज ऐकू येत नाही आणि सूर सरकतो.