आमची वाटचाल : उजेड गाडीच्या पुढे गेला पाहिजे

रस्त्यावर कोणी आलं की तेज वाढवणारे, एरवी मंद राहणारे सेन्सरचे पथदिवे आम्ही बसवतो. सांगलीजवळच्या कुपवाडच्या एमआयडीसीत आमचं काम सुरू झालं ते रस्त्यावरच्या पिवळ्या सोडियम दिव्यांच्या दुरुस्तीपासून. चोक जळला, इग्नायटर गेला, होल्डर काळा पडला, एवढाच तेव्हा धंदा. १५० वॅटचा सोडियम दिवा चोकसकट साधारण १७० वॅट खायचा आणि एकदा विझला की पुन्हा पूर्ण तेजावर यायला काही मिनिटं घ्यायचा. त्याला सेन्सर जोडून उपयोग नव्हता. २०१५ मध्ये केंद्राची पथदिव्यांची राष्ट्रीय योजना आली, ईईएसएल या सरकारी कंपनीमार्फत एलईडी खांबांवर चढू लागले. क्षणात पेटणारा, हवा तेवढा मंद होणारा दिवा हाती आला, तेव्हा आम्ही सेन्सरकडे वळलो.

पहिला माल पीआयआर सेन्सरचा. अंगाची उष्णता आणि आजूबाजूची उष्णता यांतला फरक त्याला कळतो. आठ मीटरच्या खांबावरून त्याची नजर पोचत नाही. शिवाय एप्रिल-मेमध्ये डांबर रात्रीपर्यंत तापलेलं असतं, तेव्हा माणूस आणि रस्ता यांत फरकच उरत नाही. भिंगावर कोळिष्टक धरलं की संपलंच. जिन्यात, पार्किंगमध्ये तीन मीटर उंचीपर्यंत पीआयआर उत्तम. रस्त्यासाठी आम्ही तो बंद केला.

मग ५.८ गिगाहर्ट्‌झचा मायक्रोवेव्ह सेन्सर. हा हालचाल ओळखतो, उन्हाळा-हिवाळा त्याला सारखाच. त्याच्या लहरी धातूतून जात नाहीत, म्हणून ॲल्युमिनियमच्या बॉडीला खालून पॉलिकार्बोनेट प्लास्टिकची खिडकी द्यावी लागते. संवेदनशीलता पूर्ण ठेवली तर हलणारी फांदी आणि धो-धो पाऊससुद्धा त्याला वाहन वाटतं, आणि दिवा रात्रभर पूर्ण जळतो. म्हणून कमीवरून सुरुवात करायची आणि सायकल बारा मीटरवर सापडेल तिथे थांबायचं.

तरीही मोठी चूक राहिलीच होती, आणि ती सेन्सरची नव्हती. प्रत्येक खांब आपापला पेटत होता. म्हणजे गाडी जिथे पोचली तिथे उजेड. चालकाला मात्र तो पुढे हवा असतो. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेसच्या हिशेबाने ताशी ४० किलोमीटरला थांबायला ४५ मीटर दृष्टी लागते, ६० ला ८० मीटर. आमच्याकडे हा कागदावरचा हिशेब नाही. गळीत हंगामात उसाची ट्रॉली एक्सल मोडून रस्त्यातच उभी असते, मागे ना लाल दिवा, ना रेडियम. उभ्या ट्रॉलीची हालचाल नाही, म्हणून सेन्सरच्या लेखी ती नाहीच. ती दिसायची तर मागून येणाऱ्या गाडीने पेटवलेला उजेड गाडीच्या आधी ट्रॉलीपर्यंत पोचला पाहिजे.

म्हणून खांब एकमेकांशी बोलू लागले. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झ या विनापरवाना पट्ट्यातला छोटा रेडिओ प्रत्येक दिव्यात बसतो. खांबांत ३० मीटर अंतर असेल तर ताशी ४० च्या रस्त्यावर पुढचे दोन खांब पेटवतो, ६० च्या रस्त्यावर तीन. निरोप मधल्या सर्व्हरकडे जाऊन परत येता कामा नये. तो खांबाकडून खांबाकडे पाव सेकंदाच्या आत गेला पाहिजे, कारण ताशी ६० ला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे सरकते. साध्या सेन्सरला दिशा कळत नाही, म्हणून पुढचे आणि मागचे, दोन्हीकडचे खांब पेटवतो. अंधारातून गाडी आत शिरते त्या टोकाचे पहिले तीन दिवे मंद करतच नाही. चौक, झेब्रा पट्टे आणि शाळेसमोरचा भागही रात्रभर पूर्ण.

दिवा विझवायचाही नाही. आमची खालची पातळी ४० टक्के असते. वर यायला एक सेकंद, खाली जायला दहा. झटक्यात बदललं की डोळे दिपतात. बैलगाडीला दोन खांबांतलं अंतर कापायला अर्धा मिनिट लागतो, म्हणून पूर्ण उजेड ९० सेकंद धरतो. बिल वाचवायला एकाआड एक खांब बंद ठेवण्याची पद्धत आम्हाला मान्य नाही. पथदिव्यांच्या आयएस १९४४ या भारतीय मानकाप्रमाणे लहान रस्त्यावरही सर्वांत अंधाऱ्या जागी सरासरीच्या निदान ०.३ पट उजेड हवा. एकाआड एक बंद केले की मध्ये काळे डबके पडतात आणि माणूस नेमका तिथे दिसत नाही.

बचतीचा आकडा आम्ही फुगवून सांगत नाही. ६० वॅटचा दिवा बारा तास पूर्ण चालला तर ०.७२ युनिट. रात्री अकरा ते पाच मंद ठेवला आणि त्या सहा तासांतला पाचवा हिस्सा वर्दळ धरली, तर सुमारे ०.५५. म्हणजे बचत पाव हिस्सा. मोठी बचत एलईडीनेच होऊन गेलेली असते. रात्रभर वाहता रस्ता असेल तर सेन्सर घेऊ नका, असं आम्ही ग्रामपंचायतीला सरळ सांगतो. दिवाबत्ती कर गावाच्या खिशातूनच येतो.

दिवे मरतात ते बहुधा सेन्सरमुळे नाही. खांबांना वीज वाटणाऱ्या पेटीत, म्हणजे फिडर पिलरमध्ये, न्यूट्रल सैल झाला की २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत दाब येतो, म्हणून एलईडीला वीज पुरवणारा ड्रायव्हर ४४० व्होल्ट सोसणारा घेतो आणि विजेच्या तडाख्यासाठी १० केव्हीचा सर्ज प्रोटेक्टर लावतो. अर्थिंग नसेल तर तो प्रोटेक्टर नुसता डबा. सगळे खांब एकाच फेजवर नकोत. आर, वाय, बी या तीन फेजवर क्रमाने जोडले की एक फेज गेला तरी रस्ता पूर्ण काळोखात जात नाही. वायर दिव्यात जिथून शिरते त्या ग्लँडच्या आधी तिला खालच्या बाजूने वळसा द्यायचा, म्हणजे पाणी तिथूनच गळतं. हा वळसा विसरला की पहिल्या पावसाळ्यात धूळ-पाणी अडवणारा आयपी ६६ दर्जाचा दिवाही आतून भिजतो.

काम सोपवण्याआधी रात्री बारानंतर तीन फेऱ्या करतो : एक चालत, एक सायकलवर, एक दिवे मालवलेल्या ट्रॉलीला रस्त्याकडेला उभी करून, मागून मोटारसायकल आणत. ताशी ४० च्या रस्त्यावर ट्रॉली ४५ मीटरवरून स्पष्ट दिसली नाही, तर पुन्हा शिडी लावतो.