तुम्ही विचारलंत म्हणून: ‘ब्राझील’ पाठ असूनही गाणं का बसत नाही

“आम्ही चौघं आहोत, सूर पक्के आहेत, मॅनहॅटन ट्रान्सफर या अमेरिकी गायनचौकडीचा ‘ब्राझील’ अल्बम तोंडपाठ आहे. तरी त्यातलं ‘सोल फूड टू गो’ आमच्याकडून कवायतीसारखं का येतं?” हा प्रश्न इतक्या वेळा आलाय की आता एकदाच नीट लिहितो.

तुमच्या सुरांत खोट नाही. १९८७च्या त्या अल्बममधून सूर उचलणं सोपं आहे, म्हणून सगळे तेवढेच उचलतात. सा-ग-प-नी घ्या. वरून नी, प, ग, सा अशी दाट मांडणी होते. वरून दुसरा स्वर, म्हणजे प, एक सप्तक खाली टाका: नी, ग, सा, प. आवाजांमध्ये लगेच हवा खेळते. चाल सा वर आली की नी सोडून ध घ्या, नाहीतर सा आणि नी अर्ध्या सुराने घासतात आणि चालच बुजते. हे दोन तालमींत जमतं.

अडतं ते तालापाशी, आणि दर वेळी एकाच जागी. दोन-चारच्या, म्हणजे दोन मात्रांच्या, दोन मात्राखंडांचे सोळा बारीक भाग करा. पाय १, ५, ९, १३ वर. टाळी १, ४, ७, ११, १४ वर. ब्राझीलच्या बोसा नोव्हा संगीताचा हा ओळखीचा साचा: तीन, तीन, चार, तीन, तीन. पायाबरोबर पडते ती फक्त पहिली टाळी, बाकी चारही पायाला चुकवून. आता ऐका, तुमचा गट काय करतो. पाचवी टाळी १४ ऐवजी १३ वर पडते, कारण तिथे पाय आहे आणि हाताला पायाचा आधार हवासा वाटतो. एका भागाचा फरक, पण तेवढ्याने साचा क्यूबाचा होतो. चौघांपैकी एकानेच असं केलं तरी उरलेले नकळत त्याच्याकडे सरकतात, शब्द पायावर येऊन बसतात, आणि मग सुरू होते ती कवायत.

दुसरं कारण समेचं. तीनतालाच्या सवयीने आपण पहिल्या मात्रेवर वजन टाकतो. सांबात सर्वांत खर्जाचा ढोल, सुर्दू, दुसऱ्या मात्रेवर वाजतो, म्हणजे आपल्या मोजणीत ५ आणि १३ वर. उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही. गाण्याची लय मिनिटाला १०० मात्रा असेल तर मेट्रोनोम ५० वर लावा आणि त्याचा प्रत्येक ठोका दुसरी मात्रा माना. पहिली मात्रा शांततेतून तुम्ही काढायची. आधी नुसती टाळी, मग सूर न लावता बोल, मग एकाच सुरावर बोल, आणि सर्वांत शेवटी चार आवाज. लोक उलट क्रमाने जातात, म्हणून महिने वाया जातात.

भाषेचंही विचारता. ‘सोल फूड टू गो’ ज्यावरून झालं ते जावानचं मूळ पोर्तुगीज गाणं ‘सिना’ गाणार असाल तर ‘माँय’ म्हणजे आई. आपली ‘माय’च, पण नाकातून. ‘कोरासाँउ’च्या (हृदय) शेवटी जीभ टाळूला लागू देऊ नका. मराठी तोंड तिथे हमखास ‘न’ घालतं. कोकणी बोलणाऱ्यांना अनुनासिक स्वर घरचे, त्यांना हे सहज येतं. पण गोव्यात जुनं पोर्तुगीज शिकलेल्यांची वेगळी अडचण असते. त्यांचं वळण लिस्बनचं, शेवटचे स्वर गिळणारं. ब्राझीलमध्ये ते स्वर मोकळे लागतात. ‘नॉइत्’चं (रात्र) बऱ्याच भागात ‘नोइची’ होतं.

इंग्रजी बोल घेतलेत तर शब्द व्यंजनावर संपतात, आणि चार तोंडांतून चार वेळा ‘ट्’ फुटतो. शेवटचं व्यंजन एकानेच उच्चारावं, बाकीच्यांनी स्वरावर थांबावं.

पूर्वी मी सरळ सांगायचो: अल्बम बाजूला ठेवा, ब्राझीलचा गायक-गीतकार जावान, त्याचं १९८२चं ‘लुझ’ ऐका, ‘सिना’ त्यातलंच, अस्सल ते तिथे आहे. ‘सिना’ म्हणजे नशीब. त्याचं ‘सोबत न्यायचं जेवण’ झालं याचा मला राग होता. जावानने ‘सिना’त ब्राझीलचाच गायक काएतानो वेलोझो याच्या नावावरून ‘काएतानेआर’ हे क्रियापद घडवलं, आणि काएतानोने तेच गाणं गाताना ‘जावानेआर’ म्हणून उत्तर दिलं. डग फीगरच्या इंग्रजी बोलांत ही देवाणघेवाण येऊच शकत नव्हती. राग अजून आहे. पण ‘लुझ’सुद्धा लॉस एंजेलिसमध्ये ध्वनिमुद्रित झालं, आणि त्यातल्या ‘सामुराय’ गाण्यात हार्मोनिका स्टीव्ही वंडरची आहे. मग माझ्या ‘अस्सल’ची रेषा मी नेमकी कुठे ओढत होतो? उलट मॅनहॅटन ट्रान्सफरने ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यातल्या उआक्ती या वादकगटाला सोबत घेतलं, स्वतः बनवलेली वाद्यं वाजवणाऱ्या मंडळींना. त्याला उसनवारी म्हणायला माझी जीभ आता रेटत नाही. प्रामाणिक रूपांतर म्हणायलाही नाही.

तेव्हा दोन्ही ऐका. पण तालमीला बसाल तेव्हा आधी ती पाचवी टाळी तपासा.