आचाऱ्यांचे आचार्य झाले तेव्हा

माझे आजोबा ठाण्यात, नौपाड्यात, लग्नकार्याचे आचारी होते. त्यांच्या आठवणी बाबांनी फार वर्षांपूर्वी युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून ठेवल्या होत्या. यंदा त्याचं पुस्तक करायला घेतलं. मजकूर मराठी, परदेशातल्या नातवंडांसाठी इंग्रजी टिपा आणि आजोबांच्या हिशेबाच्या वहीतल्या चार ओळी मोडीत. तीन लिप्या एकत्र जुळवायच्या म्हणून मी झीलाटेक वापरलं. यात मजकुरासोबत आज्ञा लिहायच्या आणि त्यावरून पानं जुळवून पीडीएफ तयार होते.

पहिल्याच पानावर जोडाक्षरं सुटली आणि 'शिरा'ची वेलांटी 'श'च्या उजवीकडे जाऊन बसली. फॉन्ट चांगला होता, मी फक्त त्याचं नाव दिलं होतं. फॉन्टस्पेकमध्ये, म्हणजे झीलाटेकला फॉन्ट सांगायच्या पॅकेजमध्ये, नावासोबत 'स्क्रिप्ट'मध्ये देवनागरी सांगावी लागते, तेव्हा कुठे वेलांटीचे आणि जोडाक्षरांचे नियम लागू होतात. 'लँग्वेज'मध्ये मराठी टाकल्यावर तर पाकळीचा ल आणि देठाचा श आला. किती बरं वाटलं! अर्थात फॉन्टमध्ये ही मराठी वळणं असली तरच. म्हणून फॉन्ट निवडताना मी 'लाडू' आणि 'शेव' एवढे दोनच शब्द छापून बघायचो.

मोडीला युनिकोडमध्ये 2014 साली जागा मिळाली आणि नोटो सान्स मोडी हा फॉन्ट फुकट मिळतो. पण एका ओळीला फॉन्ट बदलायची आज्ञा द्यायची राहिली आणि तिथे नुसते चौकोन उमटले. पीडीएफ मात्र बिनतक्रार तयार झाली. लॉगमध्ये, म्हणजे झीलाटेक दर वेळी लिहितं त्या नोंदींच्या फाइलमध्ये, 'मिसिंग कॅरॅक्टर' (अक्षर सापडलं नाही) लिहिलेलं होतं. तेव्हापासून दर वेळी आधी लॉगमध्ये हे दोन शब्द शोधतो.

खरा घोळ बाबांनी पकडला. प्रूफ वाचताना त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं: 'शेवटची पंगत उठली की आचार्यांना वाढत.' म्हणाले, "अरे, आचारी होते ते, आचार्य नव्हे." जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये आणताना रूपांतराच्या साधनाने 'ऱ्य'चा सरसकट 'र्य' करून टाकला होता. युनिकोडमध्ये त्यासाठी नुक्ता (खाली टिंब) असलेला वेगळा 'ऱ' आहे. त्याला हलन्त देऊन 'य' जोडला की 'ऱ्य' होतो. पण एका झटक्यात सगळीकडे बदलताही येईना, कारण 'कार्य', 'सूर्य', 'मर्यादा' बरोबरच होते. दोन संध्याकाळी बाबा मोठ्याने वाचत होते आणि मी एकेक शब्द दुरुस्त करत होतो. 'न्याहाऱ्या' तेवढ्या सुटल्या होत्या, त्या छापखान्यात द्यायला निघालो त्या सकाळी सापडल्या.