हेल्पडेस्क म्हणे लाइट कमी-जास्त होते

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपसाठी कॅमेऱ्यानं जॉब, म्हणजे मशीनवर बनलेले भाग, तपासायचं सॉफ्टवेअर मी सी शार्प या प्रोग्रॅमिंग भाषेत केलं. कॅमेरा जोडणं, भोकाचं माप काढणं, सगळं सुरळीत झालं. डोकं फिरवलं ते कॅमेरा विकणाऱ्या कंपनीच्या हेल्पडेस्कनं.

शिफ्ट सुरू झाली की सॉफ्टवेअर छान चालायचं आणि मध्येच, एकही एरर न दाखवता, गायब व्हायचं. लगेच सुपरवायझरचा फोन, "सर, परत गेलं की ओ!" विंडोजच्या नोंदवहीत, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, नुसतं 'ॲक्सेस व्हायोलेशन', म्हणजे मेमरीत नको तिथं हात घातला. माझ्या लॅपटॉपवर चार फोटो काढून बघावेत, तर काही होत नाही. हेल्पडेस्कचं उत्तर, ड्रायव्हर परत टाका. टाकला. मग म्हणे केबल बदला. बदलली. मग, "तुमच्याकडे लाइट कमी-जास्त होत असेल." यूपीएसचा फोटो पाठवला, तर तिकीटच बंद!

आणि घोळ त्यांच्याच सॅम्पल कोडमध्ये. कॅमेऱ्याकडून नवी फ्रेम, म्हणजे नवा फोटो, आला की त्यांच्या डीएलएलनं (कॅमेरा चालवणाऱ्या तयार कोडच्या फाइलनं) आपलं फंक्शन बोलवावं, म्हणून ते तिच्याकडे नोंदवायचं, यालाच कॉलबॅक रजिस्टर करणं म्हणतात. सॅम्पलमध्ये फंक्शनचं नाव थेट त्या कॉलमध्ये टाकलंय. त्यातून जो डेलिगेट, म्हणजे फंक्शनकडे बोट दाखवणारा ऑब्जेक्ट, तयार होतो, त्याला डॉट नेट (सी शार्पचा कोड चालवणारी यंत्रणा) तेवढा कॉल संपेपर्यंतच जपतं. डीएलएलनं पत्ता लिहून ठेवलाय, हे नको असलेली मेमरी साफ करणाऱ्या गार्बेज कलेक्टरला कुठून कळणार? मेमरी भरली की तो डेलिगेट उचलतो आणि पुढची फ्रेम आली की सगळं आडवं. शॉपमध्ये फोटोंवर फोटो येतात, मेमरी भराभर भरते. लॅपटॉपवर ती वेळच येत नव्हती.

खात्री करायची तर रजिस्टर केल्यावर मुद्दाम जीसी डॉट कलेक्ट बोलवा, म्हणजे गार्बेज कलेक्टर लगेच साफसफाई करतो. माझ्या लॅपटॉपवरही सॉफ्टवेअर पहिल्याच फ्रेमला पडलं, काय आनंद झाला म्हणून सांगू!

उपाय सोपा, डेलिगेट स्टॅटिक फील्डमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम चालू असेपर्यंत टिकणाऱ्या जागेत, ठेवा, बस. तो मेमरीत एका जागी पिन करायची गरज नाही. डीएलएलकडे जातो तो कोडचा मधला छोटा तुकडा, तो जागचा हलत नाही. ऑब्जेक्ट जपायला असलेलं जीसी डॉट कीपअलाइव्ह कोडमधल्या त्याच्या ओळीपर्यंतच कामाचं, नंतर येणाऱ्या फ्रेमला नाही. डॉट नेट ५ पासून 'अनमॅनेज्ड कॉलर्स ओन्ली' ही खूण लावलेलं स्टॅटिक फंक्शन थेट देता येतं, तिथं डेलिगेटचा प्रश्नच नाही.

हां, ३२ बिटची डीएलएल असेल तर फंक्शन बोलवायची पद्धत सीडेकल की एसटीडीकॉल तेही बघा, चुकलं तर स्टॅक (कॉलचा हिशोब ठेवणारी मेमरी) बिघडतो. कॉलबॅकमधून एक्सेप्शन (चालताना आलेली एरर) बाहेर सोडू नका, आतच पकडा. आणि बंद करताना आधी डीएलएलमधून कॉलबॅक काढायचा, मगच फील्ड नल, म्हणजे रिकामं, करायचं.