एका वादाचा माग काढताना: अर्थशास्त्राचा शोधनिबंध आणि महाविद्यालयाचे ग्रंथालय

किमान वेतन वाढवले तर रोजगार घटतो का, हा माझ्या शोधनिबंधाचा विषय होता. पाठ्यपुस्तकात याचे उत्तर एका आकृतीत मावते: श्रमाच्या मागणीची रेषा उतरती, पुरवठ्याची चढती, आणि कायद्याने समतोलापेक्षा अधिक वेतन ठरवले की या दोहोंतील अंतराएवढी बेकारी. शोधनिबंध मात्र आकृतीवर उभा राहत नाही. हा परिणाम कोणी, कोठे आणि कशाच्या आधारे मोजला, त्या मोजणीवर कोणी आक्षेप घेतला आणि त्या आक्षेपाला काय उत्तर मिळाले, हे कळल्याखेरीज लिहिण्यासारखे काही हाती येत नाही. ते हाती येण्याची जागा म्हणजे महाविद्यालयाचे ग्रंथालय, असे माझे मत या कामानंतर पक्के झाले.

सुरुवात शोधशब्दांपासून करावी लागते, आणि अर्थशास्त्रात तेथेच पहिली अडचण येते. एकाच विषयावरचे लेखन कोणी ‘किमान वेतन’ या नावाने करतो, कोणी ‘वेतनाचा तळ’ म्हणतो, तर कोणी मजुरांच्या बाजारातील मालकाच्या मक्तेदारीवर लिहिताना हाच प्रश्न हाताळतो. यावर अर्थशास्त्रज्ञांनी स्वतःच एक सोय करून ठेवली आहे. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या वर्गीकरणात प्रत्येक उपविषयाला एक अक्षर आणि दोन अंक यांचा संकेतांक आहे. श्रमाच्या अर्थशास्त्रासाठी ‘जे’ हे अक्षर असून वेतनविषयक सार्वजनिक धोरण जे-३८ या संकेतांकाखाली येते. अनेक नियतकालिकांत हे संकेतांक लेखाच्या सारांशाखालीच छापलेले असतात. एक चांगला लेख मिळाला की त्याचे संकेतांक टिपून घ्यावेत आणि ग्रंथालयाकडे ‘इकॉनलिट’ हा डेटाबेस असेल तर त्यांवरून शोध घ्यावा. शीर्षकात आपला शब्द नसलेले लेखही मग समोर येतात, आणि माझ्या अनुभवात तेच अधिक उपयोगी ठरले.

माझ्यासाठी तो चांगला लेख म्हणजे डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांचा, ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये १९९४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास. न्यू जर्सी राज्याने एप्रिल १९९२ मध्ये तासाचे किमान वेतन ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केले, शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने मात्र ते बदलले नाही. वाढीच्या आधी आणि नंतर या दोघांनी न्यू जर्सी आणि पूर्व पेनसिल्व्हेनियातील मिळून ४१० फास्ट-फूड रेस्टॉरंटांची पाहणी केली. रोजगार घटल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही, हा निष्कर्ष सर्वत्र उद्धृत केला जातो. पण निष्कर्षावर न थांबता लेखातील तक्ता वाचावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. न्यू जर्सीत दर रेस्टॉरंटमागे सरासरी रोजगार २०.४४ होता, तो २१.०३ झाला, पेनसिल्व्हेनियात तो २३.३३ होता, तो २१.१७ वर आला. या दोन बदलांतील फरक सुमारे २.७६ येतो, आणि लेखाचा मोठा भर या आकड्यावर आहे. न्यू जर्सीतील प्रत्यक्ष वाढ एका पूर्ण कामगाराएवढीही नाही. फरकाचा मोठा भाग पेनसिल्व्हेनियातील घटीतून आला आहे. वेतनवाढ झाली नसती तर न्यू जर्सीतही तशीच घट झाली असती, हे गृहीतक मान्य केले तरच २.७६ या आकड्याला अर्थ उरतो. सारांशात हे गृहीतक दिसत नाही, तक्त्याच्या चार आकड्यांत ते उघड दिसते. शिवाय येथे ‘रोजगार’ म्हणजे माणसांची साधी मोजदाद नव्हे: व्यवस्थापकांसह पूर्णवेळ कामगार एक धरले आहेत आणि अर्धवेळ कामगार अर्धा.

असा लेख हाती आल्यावर त्याच्या दोन्ही बाजूंना चालत जावे लागते. पुढच्या बाजूला, म्हणजे या लेखाचा उल्लेख पुढे कोणी केला ते पाहत गेल्यावर, ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’चाच २००० सालचा अंक लागतो. डेव्हिड न्यूमार्क आणि विल्यम वॉशर यांनी त्यात रेस्टॉरंटांच्या वेतनपत्रकांवरून तीच तुलना पुन्हा केली आणि न्यू जर्सीत रोजगार तुलनेने घटला, असा निष्कर्ष काढला. त्याच अंकात कार्ड आणि क्रूगर यांचे सरकारी आकडेवारीवर आधारलेले उत्तर आहे, आणि मोठी घट झाल्याचे त्यांना त्यातही आढळले नाही. दोन्ही लेख एकापाठोपाठ एक वाचण्याचा मोठा लाभ असा की वाद सिद्धांताचा कमी आणि मोजमापाचा अधिक आहे, हे लगेच ध्यानात येते. फोनवर विचारून मिळालेली कामगारांची संख्या आणि वेतनपत्रकातील कामाचे तास ही दोन वेगळी मापे आहेत.

मागच्या बाजूचा प्रवास मला अधिक समृद्ध वाटला. संदर्भसूचीतून मागे जाता जाता मी त्याच नियतकालिकाच्या १९४६ सालापर्यंत पोचलो, आणि तो खंड ग्रंथालयात बांधीव स्वरूपात होता. मार्चच्या अंकात रिचर्ड लेस्टर यांनी कारखानदारांना प्रश्नावली पाठवून मिळवलेली उत्तरे मांडली आहेत: किती माणसे कामावर ठेवायची हे वेतनापेक्षा मालाच्या मागणीवरून ठरते, असा त्यांचा सूर होता, आणि त्यावरून लेस्टर यांनी सीमांत विश्लेषणावरच, म्हणजे आणखी एका कामगारामागे येणारा खर्च आणि मिळणारे उत्पन्न यांची तुलना करून मालक निर्णय घेतो या मांडणीवरच, प्रश्नचिन्ह लावले. जूनच्या अंकात जॉर्ज स्टिगलर यांचा किमान वेतन कायद्याच्या विरोधातील लेख आहे. सप्टेंबरमध्ये फ्रिट्झ मॅक्लप यांनी लेस्टर यांचे म्हणणे खोडून काढण्याचा प्रयत्न केला. डेटाबेसमध्ये या तीन सुट्या फाइली आहेत; बांधीव खंडात मात्र एकाच वर्षातला एक सलग संवाद वाचायला मिळतो. स्टिगलर यांचा लेख मुळातून वाचला तर आणखी एक गोष्ट दिसते: मालकाच्या हाती वेतन ठरवण्याची ताकद असेल, तर किमान वेतनाने रोजगार वाढूही शकतो, हे त्यांनी स्वतः मान्य केले आहे. ते व्यवहारात महत्त्वाचे नाही, एवढाच त्यांचा दावा आहे. दुसऱ्याच्या तळटीपेतून स्टिगलर उद्धृत करणाऱ्याच्या हातून नेमके हेच निसटते, म्हणून मूळ लेख पाहिल्याशिवाय त्याचा संदर्भ देऊ नये.

काही लेख महाविद्यालयाच्या वर्गणीत नसतात. ‘जेस्टोर’ या नियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहावर अनेक नियतकालिकांचे अलीकडच्या काही वर्षांचे अंक उपलब्ध नसतात, कारण प्रकाशकांनी तशी मुदत घातलेली असते. अशा वेळी पैसे भरण्याआधी ग्रंथपालांना विचारावे. दुसऱ्या ग्रंथालयाकडून लेखाची प्रत मागवण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते. वर्किंग पेपर, म्हणजे नियतकालिकात छापण्याआधीचा मसुदा, वाचायला हरकत नाही, परंतु त्याचे तज्ज्ञ-परीक्षण झालेले नसते आणि प्रसिद्ध झालेल्या लेखात आकडे बदललेले असू शकतात. आपण कोणती आवृत्ती वाचली हे निबंधात स्पष्ट लिहावे.

आकडेवारीबाबतही हीच काळजी घ्यावी लागते. किमान वेतनाचा चालू किमतीतील आकडा वर्षानुवर्षांच्या तुलनेत जवळजवळ निरुपयोगी आहे. त्यातून महागाई वजा करावी लागते, किंवा तो सरासरी अथवा मध्यक (वेतनांच्या क्रमात मधोमध येणाऱ्या) वेतनाच्या प्रमाणात मांडावा लागतो. कार्ड आणि क्रूगर यांची मूळ माहिती सर्वांसाठी खुली आहे. विद्यार्थ्याने ती उतरवून घेऊन वरचे चार आकडे स्वतः काढून पाहावेत, असे मी कळकळीने सुचवेन. अर्धवेळ कामगाराला अर्ध्याऐवजी वेगळे वजन दिले तर उत्तर किती हलते, हेही त्यातच तपासता येते.

या वाचनाने माझा प्रश्न बदलला. रोजगार घटतो की नाही, असे विचारण्याऐवजी रोजगार माणसांत, पूर्णवेळ कामगारांत की तासांत मोजला यावर उत्तर कितपत अवलंबून आहे, असा तो झाला. त्यात २०१९ सालचा, १९७९ ते २०१६ या काळातील राज्य पातळीवरच्या १३८ वेतनवाढींचा अभ्यासही घ्यावा लागला. त्यात नव्या किमान वेतनाच्या खाली घटलेल्या नोकऱ्या आणि त्या पातळीवर किंवा किंचित वर वाढलेल्या नोकऱ्या वेगवेगळ्या मोजल्या आहेत, आणि कमी वेतनाच्या एकूण नोकऱ्यांत फारसा फरक आढळलेला नाही. मोजमापाची ही तिसरी रीत आधीच्या दोन्हींशेजारी ठेवून मी निबंधाचा मुख्य तक्ता तयार केला.