सहाव्या महिन्याची भेट

"ताई, पोरगं अंगावर पीतच नाही हो. तोंड लावतं आणि मान फिरवून रडतं."

आरोग्य कार्यकर्ती म्हणून पुण्याच्या जनता वसाहतीत नऊ महिन्यांच्या बाळाच्या गृहभेटीला गेले होते. सासूबाई म्हणाल्या, नजर लागली. मी बाळाचं तोंड बघितलं. फोड नाहीत, ताप नाही, नाक मोकळं. वाटीतली खिमट मिटक्या मारत खात होतं. म्हणजे बाळ ठीक होतं, अडचण दुधाचीच होती.

मग आईकडे नीट पाहिलं. चेहरा ओढलेला. दुपारी उभ्या उभ्या डोळा लागतो म्हणाली. फोडणीच्या वासानं मळमळतं म्हणून दोन महिने मेडिकलमधून पित्ताच्या गोळ्या आणून खात होती. देणाऱ्यानं एकदाही काही विचारलं नाही. बाईची मळमळ म्हणजे पित्त आणि बाईचा थकवा म्हणजे अशक्तपणा, हे सगळ्यांनी ठरवूनच टाकलंय, याची मला चीड येते. छाती इतकी हुळहुळी झाली होती की पाजायला घेतलं की ओठ चावून बसायची.

"पाळी?"

"बाळंतपणानंतर आलीच नाही अजून."

पाळी आलीच नाही तर चुकणार कुठून? आमचं सगळं पाळी चुकण्यापासून सुरू होतं. माता-बाल संरक्षण कार्डावर शेवटच्या पाळीची तारीख लिहायची आणि त्यात नऊ महिने सात दिवस मिळवून बाळंतपणाची तारीख काढायची. हिच्या बाबतीत तो रकानाच कोरा होता.

सासूबाईंना बाळ घेऊन खाली दुकानातून दूध आणायला पाठवलं. अशी चाचणी घरच्यांच्या देखत करायची नाही, हा माझा नियम आहे. पिशवीतून दिवस गेलेत का ते तपासायचं निश्चय किट काढलं. सकाळची पहिली लघवी चांगली, पण त्या दिवशी थांबवेना. थेंब टाकले आणि घड्याळ लावलं. पाच मिनिटं वाट बघायची असते. तेवढी लागलीच नाहीत. दुसरी रेघ आधीच उमटली, गडद, शंकेला जागा न ठेवणारी.

ती रेघेकडे बघत म्हणाली, "पण तुम्हीच तर म्हणाला होता, पाजतेस तोवर भीती नाही."

म्हणाले होते. बेचाळिसाव्या दिवसाच्या भेटीत. पण ते पूर्ण वाक्य असं आहे: बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, रात्रंदिवस फक्त अंगावरचंच पीत असावं आणि पाळी परत आलेली नसावी. तिन्ही असेल तरच भरवसा. ही तर पाचव्या महिन्यापासून सहकारनगरला धुण्याभांड्याला जायला लागली होती. दिवसाचं पाजणं तिथेच कमी झालं. आणि पाळी परत यायच्या आधीही बीज सुटू शकतं, त्यामुळे पाळी न दिसताही दिवस जाऊ शकतात. हे मला पाठ आहे. तिला मात्र त्यातला अर्धाच तुकडा मिळाला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं. सोनोग्राफीत चौदा आठवडे. हिमोग्लोबिन ८.६, म्हणजे रक्त कमी. पहिलं सिझर, त्यालाही जेमतेम नऊ महिने झालेले. दोन बाळंतपणांत निदान तीन वर्षांचं अंतर ठेवा, असं मीच वस्तीत सांगत फिरते. बारा आठवड्यांच्या आत नोंदणी व्हायला हवी होती, तीही गेली. फोलिक ॲसिडच्या गोळ्या ज्या दिवसांत पोटात जायला हव्यात, त्या दिवसांत ही पित्ताच्या गोळ्या खात होती. डॉक्टरबाईंनी ठेवायचं की नाही याच्या दोन्ही वाटा शांतपणे समजावल्या. निर्णय अजून झालेला नाही. नवरा म्हणतो, आईला विचारू. मला वाटतं, आधी हिला विचारा.

बाळानं पिणं का सोडलं तेही डॉक्टरबाईंनी तिला सांगितलं. दिवस गेले की दूध कमी होतं, चवही बदलते. बाळाला ते आमच्या आधी कळलं होतं.

रात्री माझं रजिस्टर काढलं. सहाव्या महिन्याच्या भेटीची नोंद माझ्याच अक्षरात आहे: "वरचा आहार सुरू करण्यास सांगितले." ज्या दिवशी मी तिला भाताची पेज आणि डाळीचं पाणी कसं द्यायचं ते दाखवत बसले, त्याच दिवशी पाजण्याचं उरलंसुरलं संरक्षणही संपलं होतं. सोनोग्राफीवरून मागे मोजलं तर दिवस त्याच सुमारास गेलेत. मी अर्धा तास त्या घरात होते. पेज किती घट्ट हवी ते चमचा उलटा करून दाखवलं. पिशवीत 'छाया' या गर्भनिरोधक गोळ्यांची दोन पाकिटं होती, पाजणाऱ्या आईलाही चालणारी. ती मी बाहेर काढलीच नाहीत.