गिटार बांधताना पावसाळा आडवा आला

गिटार घरी करायची म्हणणाऱ्याला मी आधी एकच विचारतो: वरच्या फळीचं लाकूड घरात आलंय का? हत्यारं, क्लॅम्प, आराखडा हे सगळं नंतर.

पाठ आणि बाजूंसाठी शिसव मला पुण्यातच मिळालं. आपल्या शिसवीसाठी जगभरचे गिटार करणारे जीव टाकतात, इथे ते वखारीत जाऊन ठोकून, आवाज ऐकून निवडता येतं. आवाज देणारी वरची फळी मात्र मला स्प्रूसचीच (थंड प्रदेशातलं, देवदाराच्या जातीचं हलकं लाकूड) हवी होती आणि ती बाहेरून मागवावी लागली. ज्याच्याकडे पैसे आगाऊ भरले, तो एप्रिल-मे "पुढच्या आठवड्यात निघतंय साहेब" म्हणत राहिला. फळी हातात पडली तेव्हा मृगाचा पाऊस कोसळत होता. अजूनही त्या माणसाचा नंबर दिसला की डोकं फिरतं.

तोवर बाजू वाकवून साच्यात बसल्या होत्या. लोक या कामाला उगाच घाबरतात. दोन मिलिमीटरची पट्टी ओलवून तापल्या नळीवर हळूहळू दाबत गेलं की शिसव ऐकतं. मानही तयार होती. अडलं फक्त फळीपाशी.

ही फळी रंधून ३ मिलिमीटरच्या आत आणायची आणि आतून तिला फुलीच्या आकारात स्प्रूसच्याच पट्ट्या चिकटवायच्या. स्टीलच्या सहा तारा मिळून सत्तर किलोंच्या आसपास ओढतात, तो ताण या पट्ट्या पेलतात. पण चिकटवताना हवेतली आर्द्रता ४५ ते ५० टक्के हवी. माझ्या खोलीतला काटा ८२ वर.

आमचे सुतारकाका म्हणाले, "अरे चिकटव की, गोंद पकडतोय बरोबर." गोंद पकडतो हो काका, पण लाकूड आडवं फुगतं, उभं जवळजवळ नाही. खालच्या, ४० सेंटीमीटर रुंद भागात ८० टक्क्यांवरून ४५ वर येताना चारेक मिलिमीटरचा फरक पडतो. फळी आक्रसणार, आडव्या चिकटवलेल्या पट्ट्या आक्रसणार नाहीत. म्हणजे फळी खचते नाहीतर सरळ चिरते. काकांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "खिडकी फुगली तर मी रंधा मारून देतो. याला नंतर काय मारणार?" तेच तर.

मग उपाय सुरू झाले. कपाटात बल्ब लावला. आकडा साठाच्या खाली यायचा आणि दार उघडलं की पुन्हा वर. बेडरूमचा एसी ड्राय मोडवर ठेवला. बायको म्हणाली, "फळीला एसी, आणि आम्ही हॉलमध्ये पंख्याखाली?" तिचं बरोबर होतं, शिवाय वीजबिल आलं तेव्हा मीच गप्प झालो. जुलै, ऑगस्ट, गणपती, नवरात्र. भिंतीला टेकवलेल्या बाजू बघत नुसतं बसायचं. पाहुणे विचारायचे, "झाली का गिटार?"

हो, आर्द्रतेचा काटा घेतल्यावर आधी तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थेंबभर पाण्याने चिखलासारखं करा, काट्यासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दाखवायला हवं. माझा ८० दाखवत होता, म्हणजे पाच वजा करून वाचायचं. पाच वजा करूनही ते ८२ चं ७७ च झालं, तेव्हा फार आनंद मानू नका.

दिवाळीच्या पुढेमागे कोरडी हवा आली. फळी आठवडाभर तशाच हवेत राहू दिली आणि मगच पट्ट्या चिकटवल्या. त्यानंतरचं काम भराभर झालं. चपड्याचं पॉलिशही याच दिवसांत करा, दमट हवेत ते पांढुरकं होतं. उन्हाळा मात्र टाळा: एप्रिलच्या दुपारी पुण्यात हवा इतकी कोरडी होते की तेव्हा चिकटवलेली फळी पावसाळ्यात फुगून वर येते.

फ्रेटचं, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांचं, गणित सोपं आहे: तारेच्या उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागत जायचं, येईल तेवढ्या अंतरावर पुढची पट्टी. ब्रिज, म्हणजे फळीवर तारा जिथे अडकवतात तो तुकडा, मात्र हिशोबापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मागे, जाड तारांकडे थोडा आणखी. हे मी आधीच सांगायला हवं होतं, कारण चिकटलेला ब्रिज हलवणं जिवावर येतं.

माझी गिटार पुढचा एप्रिल आणि पुढचा जुलै दोन्ही बघून झाली आहे. फळीला चीर नाही. दुसऱ्या गिटारची फळी मी जानेवारीतच मागवली, दुसऱ्या माणसाकडून.